नोंदणी क्रमांकाचा रकाना रिकामा असताना : रुग्णालयांच्या नर्सिंग प्रमुखांना खुले पत्र

आदरणीय मेट्रन, नर्सिंग सुपरिंटेंडंट आणि ज्यांच्या सहीने नर्सची भरती होते त्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडच्या नोकरीच्या अर्जात नाव, पत्ता, शिक्षण यांच्या खाली एक छोटासा रकाना असतो : नोंदणी क्रमांक, म्हणजे नर्सिंग परिषदेकडून मिळणारा नर्स म्हणून काम करायचा परवाना. नुकतीच नर्सिंग पूर्ण केलेली मुलगी (हल्ली मुलगेही पुष्कळ असतात, पण सवयीने माझ्या तोंडी मुलगीच येतं) तिथे येऊन अडते. कोणी रेघ मारतं, कोणी ‘अर्ज केला आहे’ असं बारीक अक्षरात कोंबतं, कोणी रकाना तसाच सोडतं आणि मुलाखतीत त्याबद्दल विचारू नये म्हणून देवाचं नाव घेत बसतं. गेली बावीस वर्षं मी वॉर्डात आहे, त्यातली शेवटची नऊ इन्चार्ज म्हणून. नव्या स्टाफला पहिले तीन महिने हाताशी धरून शिकवायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे या रकान्यापाशी अडलेली मुलं मी जवळून पाहते. त्यांचं काय करायचं, हे आपल्यापैकी बहुतेकांनी कधी नीट ठरवलेलंच नाही.

आधीच सांगते, परवान्याशिवाय त्यांना नर्स म्हणून घ्या असं मी म्हणत नाही. नर्स म्हणून मुळीच घेऊ नका. पण दारातून परतही पाठवू नका. या मधल्या काळासाठी एक वेगळं पद ठेवा, त्याला स्वतःचं नाव द्या, त्या पदावर काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे कागदावर लिहा, आणि त्या कामाचा पगार द्या.

हा मधला काळ कोणाच्या आळसातून येतो असं नाही. काही देशांत पदवीनंतर परवान्याची वेगळी परीक्षा असते, तिची तारीख मिळण्यात आणि निकालात दिवस जातात. अमेरिकेतल्या एनक्लेक्स या परवान्याच्या परीक्षेत नापास झालं तर पुन्हा बसायला किमान ४५ दिवस थांबावं लागतं. काही ठिकाणी पदवीवरच नोंदणी होते, पण विद्यापीठाचा निकाल, गुणपत्रिका, कॉलेजचा दाखला, परिषदेची पडताळणी या साखळीतली एक कडी अडली की सगळंच अडतं. परदेशी जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. वॉर्डात दहा वर्षं घालवलेली सिस्टरही तिथे गेल्यावर पुन्हा ‘अजून नोंदणी नाही’ या रांगेत उभी राहते. जर्मनीत मान्यतेची वाट पाहणाऱ्या कितीतरी अनुभवी नर्सेस त्या काळात मदतनीस म्हणून काम करतात.

आणि दुसरीकडे आपण नर्स मिळत नाहीत म्हणून ओरडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगभरातल्या नर्सेसची संख्या २ कोटी ७९ लाख आणि तुटवडा ५९ लाखांचा धरला होता. तुटवडा एवढा, आणि शिकून तयार झालेली मुलं घरी. हे गणित मला वॉर्डात उभं राहून कधी जुळवता आलेलं नाही.

आता माझं सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलतेय ते कळेल.

माझे नोंदणीचे कागद अडकले ते नावातल्या एका अक्षराने. गुणपत्रिकेवर एक, जन्मदाखल्यावर दुसरं. ती दुरुस्ती होऊन क्रमांक हातात पडेपर्यंत साडेचार महिने गेले. घरी बसणं शक्य नव्हतं. एका लहानशा रुग्णालयाने मला ‘ट्रेनी’ म्हणून घेतलं. मुलाखतीत विचारलं एवढंच : नाईट कराल ना? युनिफॉर्म सगळ्यांसारखाच पांढरा. रुग्ण सिस्टर म्हणूनच हाक मारायचे, आणि खरं सांगू, ते ऐकायला गोड वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री अठरा खाटांना मी एकटी होते. नोंदणी असलेली सिनियर सिस्टर दोन मजल्यांना मिळून एकच, आणि ती त्या वेळी वरच्या मजल्यावर. एका रुग्णाच्या सलाइनमध्ये पोटॅशियम क्लोराइड घालायची ऑर्डर होती. नर्सिंग शिकलेल्या कुणालाही त्या अँप्यूलची भीती वेगळी सांगावी लागत नाही. ते थेट शिरेत सोडलं तर हृदय थांबू शकतं, पातळ करूनच आणि सावकाश द्यायचं. मी वर फोन लावला. उत्तर आलं, “घाल गं, तुला येतं की. सही मी करते नंतर.” मी अँप्यूलवरचं लेबल तीनदा वाचलं, माप पुन्हा पुन्हा पाहिलं, बाटलीत घालून ती आठ-दहा वेळा खालीवर केली, कारण नीट मिसळलं नाही तर ते तळाशी बसतं आणि पहिल्याच थेंबांतून जास्त जातं. थेंब मोजले. मग रात्रभर दर पंधरा मिनिटांनी त्या खाटेपाशी जाऊन नाडी पाहत राहिले. बाकीच्या सतरा जणांकडे त्या रात्री किती लक्ष गेलं, ते विचारू नका.

रुग्णाला काही झालं नाही. सकाळी चार्टवर सिनियरची आद्याक्षरं होती. त्याच्या अंगात जे गेलं ते देणारी मी होते, आणि कागदावर मी कुठेच नव्हते. काही झालं असतं तर सही करणारी अडकली असती, तिने स्वतः न दिलेल्या औषधासाठी. आणि मी? माझी नोंदणी व्हायच्या आधीच माझ्या नावावर तक्रार लागली असती. तेव्हा हे सुचलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं, माझ्यावर विश्वास टाकला! किती वर्षांनी लक्षात आलं की तो विश्वास नव्हता, काटकसर होती.

ही झाली एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा दिसायला सभ्य आहे : “परवाना आला की या.” माझ्या बॅचमध्ये एकीचा हात असा हलका होता की लहान मुलंसुद्धा तिच्याकडून सुई टोचून घ्यायला तयार व्हायची. तिला तीन ठिकाणी हेच ऐकायला मिळालं. ती एका कॉल सेंटरला लागली, तात्पुरती म्हणून. परवाना आला तोवर तिथे तिची बढती झाली होती. ती परत आली नाही, आणि तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

जी परत येतात त्यांचे हात गंजलेले असतात. हृदयपुनरुज्जीवनाचं कौशल्य सरावाशिवाय काही महिन्यांतच उतरणीला लागतं, हे वारंवार तपासून पाहिलेलं आहे. छातीवर दाब किती खोल, किती वेगाने, हे डोक्यात राहतं, हात विसरतात. बाकीच्या कामांचंही तेच. सहा महिने घरी बसून आलेल्या मुलीला मी पहिल्या आठवड्यात बघते तेव्हा तिची चूक होत नाही, ती घाबरते. रुग्णाला कुशीवर वळवायला हात लावण्याआधी माझ्याकडे बघते.

तुमच्यातले काही म्हणतील, कायदा आडवा येतो. कायदा नर्सचं काम नर्सनेच करावं असं सांगतो, आणि ते बरोबरच आहे. नोंदणी ही काही कारकुनी कटकट म्हणून जन्माला आलेली नाही. न्यूझीलंडने १९०१ मध्ये नर्सेसच्या नोंदणीचा कायदा केला, तो या प्रकारचा पहिला राष्ट्रीय कायदा, आणि १९०२ मध्ये एलन डॉघर्टी या पहिल्या नोंदणीकृत नर्स झाल्या. ब्रिटनमध्ये एथेल बेडफर्ड फेनविक यांनी त्यासाठी तीसेक वर्षं झगडा केला, तेव्हा कुठे १९१९ चा कायदा आला. पहिल्या क्रमांकावर त्यांचंच नाव लागलं. गंमत म्हणजे त्या लढ्यात नोंदणीच्या विरोधात उभ्या होत्या खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल. चांगली नर्स परीक्षेने आणि यादीने ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मला त्यांचं म्हणणं अर्धंच पटतं. यादीत नाव आल्याने कोणी चांगली नर्स होत नाही हे मी रोज बघते. पण यादीच नसेल तर रुग्णाने विश्वास कशावर ठेवायचा? आपल्याकडे भारतीय नर्सिंग परिषदेचा कायदा १९४७ चा, आणि त्यानंतर २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा आला. त्या यादीला मी हात लावू देणार नाही. म्हणूनच यादीत नाव नसलेल्यांना नर्सचा युनिफॉर्म चढवून काम करून घेण्याला माझा विरोध आहे.

पण यादीत नसलेल्यांसाठी दुसरं काही करताच येत नाही, हे खोटं आहे. इतरांनी केलंय.

अमेरिकेत १९९४ पर्यंत परवान्याची परीक्षा कागदावर, वर्षातून दोनदाच व्हायची. तेवढे महिने पदवीधरांना बसवून ठेवणं कोणालाच परवडणारं नव्हतं, म्हणून अनेक राज्यांनी त्यांना तात्पुरता परवाना देऊन देखरेखीखाली काम करू दिलं. परीक्षा संगणकावर आली, निकाल लवकर लागू लागले, तशी ती गरज कमी झाली. तरी कॅलिफोर्नियात आजही असा अंतरिम परवाना आहे. त्यात नोंदणीकृत नर्सची देखरेख सक्तीची, आणि परीक्षेत नापास झाल्यास तो परवाना तिथेच संपतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत परदेशातून आलेल्या नर्सेसना नोंदणी होईपर्यंत खालच्या श्रेणीत, मदतनिसाच्या पदावर घेतात. प्रात्यक्षिक परीक्षा पास होऊन नोंदणीचा पिन मिळाला की नर्सची श्रेणी लागू होते. तिथे शिकलेली मुलंही पिनची वाट पाहताना अनेकदा अशाच पदावर असतात. यात मला आवडते ती साधी गोष्ट : आज तू कोण आहेस आणि उद्या कोण होशील, दोन्ही नेमणूकपत्रातच लिहिलेलं.

फिलिपिन्सचं उदाहरण जास्त बोलकं आहे. तिथे नर्सिंग बोर्डाच्या परीक्षेत सरासरी ७५ टक्के लागतात आणि कुठल्याही विषयात ६० च्या खाली जाऊन चालत नाही. २०२३ मध्ये तिथले नवे आरोग्यमंत्री तेओदोरो हेर्बोसा यांनी सुचवलं की ७० ते ७४ टक्के मिळवणाऱ्यांना तात्पुरता परवाना द्यावा, कारण सरकारी रुग्णालयांत जागा रिकाम्या पडल्या होत्या. लगेच वाद झाला. २००२ च्या तिथल्या नर्सिंग कायद्यात अशा परवान्याची सोयच नव्हती. मग वाट काढली ती वेगळी : या मुलांना ‘क्लिनिकल केअर असोसिएट’ म्हणजे मदतनिसाच्या पदावर घ्यायचं आणि परीक्षेच्या तयारीला हातभार लावायचा. परवान्याचा उंबरठा खाली न आणता उंबरठ्याबाहेर बसायला जागा केली. पहिली कल्पना मला घातक वाटते, दुसरी शहाणपणाची. दोन्ही एकाच माणसाच्या कारकिर्दीत आल्या, हे विशेष.

तर आता तुमच्याकडे काय करता येईल ते बोलू. सगळ्यात मोठी जागा तुमच्या डोळ्यांसमोरच आहे, ती म्हणजे वॉर्डातल्या मदतनिसाची. स्पंज देणं, पलंग आवरणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, भरवणं, चालवणं, किती प्यायला आणि किती लघवी झाली याची नोंद, तापमान-नाडी-श्वास-बीपी. ही कामं आपण ‘खालची’ म्हणतो आणि मग तीच नीट होत नाहीत म्हणून बेडसोर मोजत बसतो.

काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे अशी एक मुलगी होती, नोंदणीची वाट पाहणारी, मदतनीस म्हणून नेमलेली. संध्याकाळचे व्हायटल्स, म्हणजे ताप-नाडी-श्वास-बीपी, घेत होती. तुम्हाला आणि मलाही माहीत आहे, श्वास कोणी मोजत नाही. पंधरा सेकंद बघितल्यासारखं करायचं आणि १८ किंवा २० लिहून पुढे जायचं. चार्टवरचा तो रकाना म्हणजे निव्वळ कल्पनाविलास. ही मुलगी नाडी सोडल्यावरही मनगट तसंच धरून, नजर छातीवर ठेवून पूर्ण मिनिटभर उभी राहिली. आजोबा गप्पा मारत होते, ऑक्सिजन ठीक, बीपी ठीक. तिने लिहिलं २६. मग आणखी एक मिनिट मोजलं. पुन्हा २६. ती धावत आली नाही, ‘मॅडम, मला वाटतं’ असंही म्हणाली नाही. म्हणाली, “बारा नंबरचे आजोबा, श्वास सव्वीस, दोनदा मोजला, सकाळी चार्टवर अठरा आहे.” ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारलेल्या इशारा-मापनात, म्हणजे रुग्ण बिघडतोय का हे गुणांवरून ओळखायच्या पद्धतीत, श्वास २५ किंवा त्याहून जास्त असेल तर एकट्या त्याचेच तीन गुण धरतात, आणि तेवढ्यावर तातडीने रुग्ण बघावा असं सांगतात. मी बघितलं, डॉक्टरांना बोलावलं. न्यूमोनिया सुरू होत होता. औषध मी दिलं, सही मी केली. तिने औषधाच्या ट्रॉलीला हातही लावला नाही, आणि त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं काम तिने केलं होतं.

मला हवं आहे ते हे. डोकं नर्सचं, हात मदतनिसाचे. तिला इंजेक्शन येतं म्हणून ते तिच्या कामात येत नाही, कारण तिच्या पदाची हद्द तिच्या ज्ञानाने वाढत नाही. पण तिला जे दिसलं ते सांगायची जबाबदारी मात्र तिच्या ज्ञानाइतकीच मोठी धरायची. ही रेघ तुम्ही आखून दिली नाही तर वॉर्डात ती रोज थोडी थोडी पुसली जाते. आज बीपी घेतेस ना, मग इन्सुलिनही दे. इन्सुलिन दिलंस ना, मग ही अँटिबायोटिक लावून टाक. आणि रात्रीचे दोन वाजले की रेघच उरत नाही.

वॉर्डाबाहेरही जागा आहेत, आणि त्यांतल्या काहींकडे आपण कधी बघतच नाही. निर्जंतुकीकरण विभागाचंच घ्या. तिथे नर्सिंग शिकलेलं माणूस बसवून पाहा. वाफेच्या यंत्रात १३४ अंशांना तीन मिनिटं आणि १२१ अंशांना पंधरा मिनिटं यात फरक काय, पॅकेटच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे आतलं निर्जंतुक झालंच असं का नाही, ओलं पॅकेट परत का पाठवायचं, हे तिला एकदाच सांगावं लागतं. शस्त्रक्रियेचा एकेक सेट हाताळल्यामुळे उपकरणांची नावं अशी पाठ होतात की पुढे ऑपरेशन थिएटरला घेतल्यावर तिला वेगळं शिकवायला नको. मी स्वतः मधले ते महिने तिथे काढले असते तर आर्टरी फोर्सेप्सचे (रक्तवाहिनी पकडायच्या चिमट्यांचे) प्रकार ओळखताना सर्जनची बोलणी खाल्ली नसती.

संसर्ग नियंत्रणाच्या नर्सला मोजणी करायला माणूस लागतो : कोणी हात केव्हा धुतले, कॅथेटर कितव्या दिवशी काढलं. ते काम या मुलांना द्या, रुग्णाला हात लावावाच लागत नाही. क्लिनिकल संशोधन चालतं त्या रुग्णालयांत भेटींच्या तारखा, संमतीपत्रांची फाइल, नमुन्यांच्या नोंदी सांभाळायला सहायक लागतात. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे अशा संशोधनात पाळायच्या नियमांचं प्रशिक्षण घेतलं की ही मुलं तिथे पटकन रुळतात. वैद्यकीय कोडिंग आणि विम्याच्या दाव्यांचं कामही आहे, बसून करायचं, रोगाचं नाव आणि उपचार वाचून त्याला वर्गीकरणातला क्रमांक द्यायचा. त्याबद्दल माझं मत थोडं कडू आहे. पैसे बरे मिळतात, पाठीला आराम मिळतो, आणि म्हणूनच तिथून परत येणारे कमी. तरी ज्याला घर चालवायचंय त्याला मी नको म्हणणार नाही. नर्सिंग कॉलेजांच्या कौशल्य प्रयोगशाळेत पुतळे मांडणं, सराव घेताना हाताशी राहणं हे त्याहून चांगलं, कारण हात चालू राहतात. कॉलेज तुमच्याच संस्थेचं असेल तर हे उद्या सकाळी करता येईल.

रक्त काढणं, डायलिसिसचं यंत्र, ईसीजी या कामांना बऱ्याच ठिकाणी वेगळं प्रमाणपत्र लागतं. नर्सिंगची पदवी आहे म्हणून तिथे सरसकट घुसवू नका.

घरपोच सेवेबद्दल मात्र सावध करते. रुग्णाच्या घरी बारा तास एकटी मुलगी, वर कोणी नाही, घरचे तिला नर्सच समजतात, आणि एजन्सीनेही तसं सांगूनच पाठवलेलं असतं. तिथे ‘एवढं एक इंजेक्शन द्या ना ताई’ याला नाही म्हणायची ताकद बावीस वर्षांच्या पोरीत कुठून येणार? ज्या घरी नोंदणीकृत नर्स रोज फेरी मारते आणि ही फक्त सोबत व शुश्रूषा करते, तिथे ठीक. बाकी ठिकाणी या मुलांनी जाऊ नये असं मी माझ्या हाताखालच्या मुलांना स्पष्ट सांगते.

आता मागणं. मी जमेल तितकं लहान ठेवते.

नेमणूकपत्रात पदाचं नाव नर्स नसावं, ट्रेनी नर्सही नसावं, कारण त्यातला पहिला शब्द लवकर गळून पडतो. छातीवरच्या बिल्ल्यावर तेच पद रुग्णाला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात हवं, आणि युनिफॉर्मचा रंग वेगळा. पगार मदतनिसाच्या नियमित दराने द्या, स्टायपेंडच्या नावाखाली अर्धा नको. काम तेच असेल तर दाम अर्धा कसा? मूळ प्रमाणपत्रं कपाटात अडकवून ठेवू नका. ती नोंदणीलाच लागतात, आणि ती तुमच्याकडे अडकल्यामुळे नोंदणी लांबलेली उदाहरणं मी पाहिली आहेत. ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा बॉन्डही नको. ज्याला राहायचं तो चांगल्या वागणुकीने राहतो.

परीक्षेची तारीख असेल त्यांना आधीचे काही दिवस नाईट लावू नका. एवढं केलंत तरी पुष्कळ. नापास झालं तर काय, हेही आधीच लिहा : त्याच पदावर किती काळ राहता येईल, पुढची परीक्षा कधी. नापास झालेल्या मुलीला आपण एका दिवसात कामावरून काढतो आणि ती शरमेने फोनही उचलत नाही. कालपर्यंत जिने आजोबांचा श्वास मोजला तिला आज मोजता येत नाही असं काही झालेलं नसतं.

आणि परवाना आला त्या तारखेपासून, पुढच्या पगारापासून नव्हे, पद आणि पगार बदलू द्या. मला माहीत असलेल्या एका मुलीने नोंदणी झाल्याचं पाच महिने सांगितलं नाही, कारण आधीच्या बॅचला ‘जागा नाही’ म्हणून काढून टाकलेलं तिने पाहिलं होतं. परवाना मिळाल्याची भीती वाटावी अशी व्यवस्था आपण करून ठेवली आहे.

देखरेखीचं मात्र तुमच्याइतकंच माझ्यासारख्या इन्चार्जच्या अंगावर आहे, ते मी टाळत नाही. काम सोपवताना पाच गोष्टी बघाव्यात असं नर्सिंगमध्ये शिकवतात : काम योग्य आहे का, वेळ-परिस्थिती योग्य आहे का, माणूस योग्य आहे का, सांगितलं नीट का, आणि नंतर बघितलं का. आपण पहिल्या तीन कशाबशा बघतो. ‘बीपी घे’ म्हणतो, पण कितीच्या वर गेलं तर मला सांग हे सांगत नाही. आणि नंतर तर बघतच नाही. माझ्या पाळीला दोन रजिस्टर्ड स्टाफ द्या आणि दोन अशी मुलं द्या, मी नीट सांभाळीन. एक रजिस्टर्ड आणि पाच मुलं दिलीत तर मी हे पत्र मागे घेते, कारण मग पुन्हा तीच पोटॅशियमची रात्र येणार.

नोंदणी परिषदांच्या अधिकाऱ्यांपर्यंत हे पत्र पोचलं तर त्यांनाही एक विनंती. अर्ज कुठे अडलाय हे मुलांना कळू द्या. ‘प्रक्रियेत आहे’ हे उत्तर नव्हे. नावातलं एक अक्षर चुकलंय हे मला पहिल्या आठवड्यात कळलं असतं तर साडेचार महिने गेले नसते. तसंच रुग्णालयाला पडताळून पाहता येईल अशी पोच द्या, म्हणजे खरी वाट पाहणारी मुलगी कोणती आणि अर्जच न करता नोकरी मागणारी कोणती, ते आम्हाला कळेल. दुसऱ्या प्रकारचीही असतात, मी नाही म्हणत नाही.

माझ्या वॉर्डात आम्ही एक कागद केला आहे. एकच पान, मधोमध रेघ. डावीकडे या पदावर करायची कामं, उजवीकडे न करायची. उजवीकडे वरून पहिलं औषध, कुठल्याही मार्गाने. मग कॅन्युला म्हणजे शिरेतली नळी घालणं, रक्त चढवणं, डॉक्टरांची तोंडी ऑर्डर घेणं, ओव्हर (पाळी बदलताना पुढच्या स्टाफला रुग्णांची माहिती) एकटीने देणं, आणि दुसऱ्याच्या नावाने काहीही लिहिणं. खाली दोन सह्या, तिची आणि माझी. एक प्रत तिच्या खिशात, एक औषधाच्या ट्रॉलीवर आतल्या बाजूने चिकटवलेली, म्हणजे रात्री कोणी ‘घाल गं’ म्हणालं तर तिला तोंडाने नाही म्हणावं लागत नाही, बोट दाखवलं तरी पुरतं. पहिल्या आठवड्यात दोन सिनियर सिस्टर चिडल्या होत्या. आता त्याच नवीन मुलीला आधी तो कागद वाचायला लावतात. हवा असेल तर प्रत पाठवते, तुमच्या विभागाप्रमाणे बदलून घ्या.

पुढची बॅच पास होऊन येईलच. तेव्हा अर्जाचे फॉर्म पुन्हा छापायला टाकाल, तर नोंदणी क्रमांकाच्या रकान्याखाली एक ओळ वाढवा : ‘नोंदणी प्रलंबित असल्यास अर्जाची तारीख व पोच क्रमांक’.

आपली,
एका वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर